चालू मशीन सोपवताना

वहिनींचा जीव मुळातच काळजीचा. घरातून निघताना कुलूप लावलं की ते ओढून बघायचं, रस्त्याच्या वळणापर्यंत जायचं आणि तिथून परत येऊन पुन्हा एकदा ओढायचं. सासूबाई म्हणायच्या, "ही दाराला कुलूप लावत नाही, दाराची परीक्षा घेते. एक दिवस दारच हात जोडेल." नवरा शेजारी बसून हसायचा. वहिनीही हसायच्या, पण हसता हसता त्यांचं लक्ष गॅसच्या बटणाकडे असायचं.

अशा बाईला रॅपिंग मशीनवर बसवलं, हे कारखान्यानं नकळत केलेलं एक शहाणपणाचं काम. त्याआधी त्या एका शिवणकामाच्या कारखान्यात होत्या. तो बंद पडला. नवरा तेव्हा याच कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होता आणि सगळे त्याला दादा म्हणायचे. त्यामुळे बायको कामाला लागली त्या दिवशी कोणी तिचं नावही विचारलं नाही. ती आपसूक वहिनी झाली. पुढे दादांची बदली लांबच्या गोदामात झाली, पण वहिनी वहिनीच राहिल्या. ऑफिसातल्या साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी.

कारखान्यात फरशी पुसायचा पातळ साबण तयार होतो. त्याचे कॅन खोक्यात जातात, खोकी लाकडी पॅलेटवर थरावर थर रचली जातात, आणि माणसापेक्षा उंच झालेला तो ढीग वहिनींच्या मशीनसमोर येतो. खाली लोखंडाचं फिरतं ताट. ढीग ताटावर गोल फिरतो, आणि बाजूच्या खांबावर चढत-उतरत जाणारा प्लास्टिक फिल्मचा रोल त्याला गुंडाळत जातो. बघणाऱ्याला वाटतं, धूळ लागू नये म्हणून गुंडाळत असतील. वहिनींना हे काम शिकवलं ते काकांनी. दुसऱ्या शिफ्टचे काका, मशीनवरचे सगळ्यांत जुने. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पोरी, ही फिल्म म्हणजे पिशवी नव्हे. ही मूठ आहे. वळणावर ट्रक कलला, ब्रेक लागला, तरी खोक्यांनी एकमेकांना सोडता कामा नये. मूठ ढिली पडली की सगळं पडलं."

मूठ किती आवळायची हे एका नॉबवर ठरतं. नॉबच्या कडेला लाल रंगाचा ठिपका आहे; काटा ठिपक्यावर असला की ताण बरोबर. ताण जास्त झाला तर फिल्म तुटते, मशीन थांबतं, वर लाल दिवा लागतो आणि मागे खोक्यांची रांग लागते. थोड्याच वेळात सगळी लाइन बंद. मग खोकी भरणाऱ्या बायका हात कमरेवर ठेवून मशीनकडे बघत उभ्या राहतात. ते बघणं वहिनींना फार लागायचं. कोणी काही बोलत नसे, पण दिवा लागला की आपणच कोणाचं तरी ताट उलटवल्यासारखं त्यांना वाटायचं.

त्यातून या मशीनवरची एक रीत. कोणी लिहून ठेवलेली नाही, पण तिन्ही शिफ्टवाले ती पाळायचे. येणाऱ्याच्या हातात चालू मशीन द्यायचं. हिरवा दिवा जळत असताना उठायचं, समोरच्यानं बसायचं, मध्ये एकही पॅलेट अडता कामा नये. लाल दिव्याचं मशीन सोपवणं म्हणजे पाहुण्याला बोलावून चूल विझवून बसणं. आणि ज्यानं चालू मशीन दिलं, त्याला नॉब कुठे ठेवलाय हे विचारायचं नाही. ते भेट हातात घेऊन किंमत विचारल्यासारखं झालं असतं.

नवी पातळ फिल्म आल्यापासून ती तुटायला लागली होती. रोज नाही, पण शिफ्टच्या शेवटी तुटली की माणूस घाबरा होतो. मग हात नॉबकडे जायचा. केसभर मागे. तेवढ्यावर फिल्म टिकायची, दिवा हिरवा राहायचा, आणि उठताना मान ताठ असायची. पुढचा येऊन बसला की मशीन छान चाललेलं. चालत्या गाडीला खीळ कोण घालणार? नॉब पुन्हा पुढे कोणीच घेत नव्हतं.

हे वहिनींच्या लक्षात आलं नसतंच. ते लक्षात आलं दादांच्या कोपरामुळे.

त्या संध्याकाळी दादा कोपराला पट्टी बांधून घरी आले. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, सुनेच्या कारखान्यानं मिठी मारली. मग जेवता जेवता सगळं हसत हसत सांगितलं. गोदामात ट्रक लागला, यांनी नेहमीप्रमाणे मागचं दार उघडलं, आणि दाराला टेकून बसलेलं शेवटचं पॅलेट दाराबरोबरच बाहेर आलं. यांनी उडी मारली. एक खोकं कोपराला घासून गेलं, बाकीची पायाशी फुटली. गोदामातली पोरं म्हणाली, दादा, या वयात एवढी उडी, घरी काय खाता?

सासूबाई हसल्या. वहिनींचा घास हातातच राहिला. साबणानं भरलेल्या एका खोक्याचं वजन त्यांना माहीत होतं. शाळेत जाणारं पोर कडेवर घेतल्यासारखं. आणि ढिगात अशी किती पोरं.

"फिल्म फाटली होती का?" त्यांनी विचारलं.

"तेच तर," दादा म्हणाले. "फाटली नव्हती. फिल्म जागच्या जागी आणि आत खोकी हवी तिकडे. आजारातून उठलेल्या माणसाच्या अंगावर सदरा असतो ना, तशी."

वहिनींनी पुढे बरंच काही सांगून पाहिलं. दार बाजूला उभं राहून उघडा, दोर लावून उघडा, दुसऱ्या कोणाला तरी सांगा. दादांनी सगळ्याला हो म्हटलं, म्हणजे कशालाच हो म्हटलं नाही. वर, कामावर जाऊन कोणाशी वाकडं घेऊ नकोस, काकांनी तुला हाताला धरून शिकवलंय, एवढं बजावलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मशीनवर बसताच पहिल्यांदा नॉबकडे नीट पाहिलं. काटा ठिपक्यापासून इतका मागे सरकला होता की त्यांना आधी वाटलं, ठिपकाच कोणीतरी दुसरीकडे काढला असेल. तयार झालेल्या पॅलेटजवळ जाऊन त्यांनी फिल्मखाली बोटं घातली. बोटं गेली. मग मूठ घातली. मूठही गेली. तळव्यानं वरच्या थराला ढकललं तर खोकी कुरकुरत सरकली आणि परत जागेवर आली नाहीत.

त्यांनी काटा ठिपक्यावर आणला. दोन पॅलेटं घट्ट, टणक निघाली. तिसऱ्याला फट् करून फिल्म तुटली. टोक जोडून मशीन पुन्हा चालू केलं, तर पुढच्याला परत तुटली. लाल दिवा. मागे रांग. बायकांचे हात कमरेवर. एकीनं लांबूनच विचारलं की वहिनी, आज मशीनचा उपास आहे का. सगळ्या हसल्या. वहिनींच्या हातानं काटा पुन्हा मागे, होता तिथे नेऊन ठेवला.

दुपारी ती पॅलेटं ट्रकमध्ये चढली. पॅलेटं उचलून चढवणारा फोर्कलिफ्टवाला जाता जाता म्हणाला, हा ट्रक दादांकडेच चाललाय, काही निरोप असेल तर द्या, बांधून पाठवतो. वहिनी नाही म्हणाल्या. तोंडातून नाही निघून गेलं, आणि मग ट्रकचं दार लागलेलं त्यांना दिसलं, ट्रक फाटकातून वळलेला दिसला, आणि वळताना तो कसा एका अंगावर कलतो हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर त्यांचं कामात लक्ष नव्हतं. ट्रक आता कुठे असेल, मोठ्या पुलाचा चढ लागला असेल का, ड्रायव्हर ब्रेक कसा मारत असेल. आज दुसरं कोणी दार उघडेल, ही आशा त्यांनी स्वतःला लावून पाहिली आणि स्वतःच काढून टाकली. दुसरं कोणी म्हणजे तरी कोण? आणि दादांना तर दार उघडायचा अभिमान. माझ्यासारखी कडी कोणाला निघत नाही, म्हणायचे.

शिफ्ट संपत आली. लांबून काका येताना दिसले, डबा काखेत, एक हात नेहमीसारखा कमरेवर. आणि नेमकी तेव्हा फिल्म तुटली. वहिनींनी टोक जोडलं. पुन्हा तुटली. त्यांचा हात नॉबवर गेला. डोक्यात विचारही आला नव्हता, हात आपला आपण गेला होता. तो हात त्यांनी पाहिला. मग तो तिथून काढला आणि बंद करायचं लाल बटण दाबलं.

काका आले तेव्हा ताट थांबलेलं, दिवा लाल, आणि वहिनी उभ्या.

"अडलंय?"

"नाही काका. मी बंद केलंय."

काकांनी डबा खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. त्यामुळेच वहिनींना जास्त भीती वाटली. "इतक्या वर्षांत मला कोणी बंद मशीन दिलं नव्हतं," ते म्हणाले. "तू देतेस."

वहिनींनी त्यांना नॉब दाखवला. काका म्हणाले, त्यात काय, केसभर तर फिरवतो आपण.

"तुम्ही केसभर, मी केसभर, रात्रीचा केसभर," वहिनी म्हणाल्या. "त्या केसांची वेणी झालीय, काका. त्या वेणीला यांचा जीव टांगलाय."

तोवर लाइन थांबली म्हणून मॅडम आल्या. मॅडम म्हणजे लाइनच्या इंजिनिअर, वयानं वहिनींपेक्षा बऱ्याच लहान, पण बोलायच्या आधी ऐकून घेणाऱ्या. त्यांनी दादांच्या कोपराची गोष्ट ऐकली, नॉब पाहिला, आणि फोर्कलिफ्टवाल्याला एक तयार पॅलेट उचलायला सांगितलं. थोडं पुढे जाऊन जोरात ब्रेक मार, म्हणाल्या, सगळे लांब उभे राहा. त्यानं ब्रेक मारला. वरचे थर पुढे झुकले आणि झुकलेलेच राहिले, दारात उभं राहून कोणीतरी आत डोकावावं तसे. कोणी हसलं नाही.

ताण कोणी कमी केला, मॅडमनी विचारलं. "मी," त्या म्हणाल्या. "आजसुद्धा केला."

काका जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "ती एकटी नाही. आम्ही सगळे."

मॅडमनी रागवायचं ठरवलं असतं तर तेव्हाच रागावता आलं असतं. पण त्या खाली बसल्या आणि तुटून पडलेले फिल्मचे तुकडे गोळा करायला लागल्या. नॉब ठिपक्यावर असताना फिल्म तुटायला नको, मग ती तुटते का, हा त्यांचा प्रश्न. तुकडे शेजारी शेजारी पसरल्यावर दिसलं की फाट प्रत्येक वेळी खालच्या कडेपासून निघालेली. त्यांनी मशीनवरच्या रोलच्या खालच्या कडेवरून नख फिरवलं. नख जागोजाग अडकलं. कडेला बारीक बारीक खाचा होत्या. मग त्यांची नजर मशीनशेजारी सिमेंटवर उभ्या केलेल्या दोन नव्या रोलकडे गेली. त्यांनी एक रोल आडवा केला. बुडाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झालेली.

"हे रोल इथे उभे कोण ठेवतं?" मॅडमनी विचारलं. "ते स्टोअरमध्ये आडवे असायला हवेत ना?"

वहिनींना उत्तर द्यायची गरज पडली नाही. काकांनीच त्यांच्याकडे पाहिलं. काकांची कंबर धरायला लागली होती, स्टोअरमधून रोल आणताना ते भिंतीला हात टेकत यायचे. म्हणून वहिनींनीच एक दिवस जाता जाता त्यांच्यासाठी रोल आणून हाताशी उभे करून ठेवले. काका त्या दिवशी म्हणाले होते, सख्खी लेक एवढं करणार नाही. मग काकांनी रात्रीवाल्यासाठी ठेवले, रात्रीवाल्यानं वहिनींसाठी. तीही रीतच होऊन गेली. खडबडीत सिमेंटवर तो जड रोल ठेवताना, सरकवताना दर वेळी कडेला खाच पडत होती. जुनी जाड फिल्म ते सोसायची. पातळ फिल्म कशी सोसणार?

मॅडम समजावून सांगायला लागल्या, पण वहिनींना ते समजलं होतं. शिवणकामात त्यांनी अख्खे तागे असेच फाडले होते. काठाला कात्रीची जरा चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायचं. चीर नसेल तर पैलवानाच्या हातानंही कापड फाटत नाही. चीर त्यांनीच दिली होती, काकांच्या कमरेच्या मायेपोटी. ती चीर दिसू नये म्हणून तिघांनी मिळून मूठ ढिली केली होती. आणि त्या ढिल्या मुठीचा ट्रक आता रस्त्यावर होता.

"मॅडम, दुपारचा ट्रक," वहिनी म्हणाल्या, आणि मॅडमच्या चेहऱ्यावरचं शोध लागल्याचं समाधान तिथल्या तिथे मावळलं.

ड्रायव्हरचा फोन लागत होता, पण गाडी चालवताना तो उचलत नसे. दादांचा फोन कपाटात. गोदामात कामाच्या वेळी फोन जवळ ठेवायची बंदी. गोदामाच्या ऑफिसचा फोन नुसता वाजत राहिला. शेवटी गोदामाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं उचलला. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला की बाई, इथे दिवसभर ट्रक येतात, सगळ्यांच्या बायका असे फोन करायला लागल्या तर मी फाटक कधी उघडू? वहिनींना एरवी अशा बोलण्यानं रडू आलं असतं.

"भाऊ, हसत सांगा," त्या म्हणाल्या. "तुमची बायको वेडी आहे असं त्यांना सांगा. पण दार उघडायच्या आधी सांगा."

तो बरं म्हणाला. त्याचं ते बरं कसलं होतं, खरं की फोन ठेवण्यापुरतं, हे वहिनींना कळेना.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक बाक आहे. त्यावर त्या बसून राहिल्या. घरी जायचं सुचलं नाही. आतून मशीनचा आवाज येत होता. आडवे ठेवलेले चांगल्या कडेचे रोल स्टोअरमधून आणले होते. ताट फिरत होतं, थांबत होतं, पुन्हा फिरत होतं. काका एकदा पाणी प्यायला बाहेर आले, बाकाकडे न बघता परत गेले. जाताना मात्र दार ओढून न घेता उघडंच ठेवलं. वहिनी फोन हातात धरून बसल्या होत्या. मध्येच त्यांना वाटायचं, वाजतोय, आणि बघावं तर पडदा काळा. पहारेकऱ्यानं सांगितलं असेल. सांगितलं नसेल. सांगितलं असेल आणि दादांनी हसण्यावारी नेलं असेल. हे तिसरं सगळ्यांत जास्त शक्य होतं. सासूबाईंनी फोन केला, यायला उशीर का म्हणून. वहिनींनी काम आहे म्हटलं आणि घाईनं ठेवला, मधल्या वेळात दुसरा फोन आला तर?

बाहेरचं ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं, फरशीवरून गेलं. मग फोन खरंच वाजला.

दादाच होते. आवाजात आधी राग होता. अख्ख्या गोदामात बोभाटा झालाय म्हणाले, पहारेकऱ्यानं माईकवरून सांगितलं, पोरं अजून हसताहेत. मग त्यांचा आवाज उतरला. मागे कोणीतरी पाण्याचा पाइप सोडल्याचा आवाज येत होता.

"दोर लावला होता," ते म्हणाले. "बाजूला उभं राहून ओढलं. पोरांना गंमत दाखवायची म्हणून, बाकी काही नाही."

"मग?"

"दोन्ही पॅलेटं आली, अगं. मागची दोन्ही. मी रोज जिथे उभा राहतो ना, तिथे गुडघाभर खोकी आहेत." त्यांनी कोणाला तरी पाइप इकडे आण म्हणून ओरडून सांगितलं. "पोरं हसत नाहीत. मी उगाच म्हटलं. सगळीकडे साबण झालाय, धुवायला वेळ लागेल. तू जेवून घे."

फोन ठेवल्यावर वहिनी बाकावरच बसून राहिल्या. भिंतीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. वाचले. एवढाच एक शब्द डोक्यात फिरत होता, आणि फिरता फिरता तो अडला.

त्या उठल्या आणि मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडमनी त्यांचा चेहरा पाहून आधी खुर्ची पुढे केली. सगळं ऐकल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला आणि आता घरी जा म्हणाल्या, गाडीची सोय करते.

"कालचे ट्रक कुठे गेले, मॅडम?" वहिनींनी विचारलं. "आणि परवाचे? अजून कुठे कुठे उतरायचे असतील?"

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी कॉम्प्युटरकडे खुर्ची वळवली, बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग एक एक गोदाम सांगायला लागल्या. काही नावं वहिनींनी ऐकलेली, काही कधीच न ऐकलेली. एवढ्या लांब आपला साबण जातो हे त्यांना माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, मी सगळ्यांना ईमेल टाकते.

"टाका," वहिनी म्हणाल्या. "पण ते ऑफिसात जाईल. दार उघडणारा माणूस ऑफिसात नसतो."

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि मॅडमनी लावून दिलेला फोन कानाला धरला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग कोणीतरी कंटाळलेल्या आवाजात, कोण पाहिजे, म्हणून विचारलं.

"मी कारखान्यातून बोलतेय, रॅपिंग मशीनवरची," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडे ट्रकचं दार कोण उघडतं, भाऊ?"